कुटुंबाची पावती

आमच्या चाळीत वर्गणीचे दोन दर आहेत. कुटुंबाचा पूर्ण आणि एकट्याचा निम्मा. कुणी ठरवले ते ठाऊक नाही, पण माझ्या वडिलांच्या काळापासून चालत आलेत. तेव्हा घोडपदेवातल्या आमच्या या चाळीत अर्ध्याअधिक माणसांची बायकापोरं गावाला असायची आणि ती स्वतः एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर अंथरूण टाकायची. लग्न झालेलं, पण राहणं एकट्याचं. मंडळाने त्यांचा विचार करून निम्मा दर काढला. आता ती माणसं गेली, दर तेवढा राहिला, आणि त्याचा फायदा घ्यायला बायको चार दिवस माहेरी गेली की आमचे काही सभासद लगेच एकटे होतात. मी मंडळाचा खजिनदार. गोदीत मालाची मोजदाद ठेवणारा टॅली क्लार्क म्हणून उभा जन्म गेला, त्यामुळे असली गिऱ्हाइकं मला नवी नाहीत.

या सगळ्यांत उलट्या डोक्याची एकच, सत्तावीस नंबरमधली अक्षता घाडी. ती खरोखर एकटी राहते आणि वर्गणी मात्र पूर्ण भरते.

तिचा नवरा उन्मेष लॉकडाऊनमध्ये गावी गेला. लोअर परळच्या ज्या छापखान्यात तो होता तो बंद पडला, आई देवगडकडे एकटी होती, तेव्हा दोन महिने राहून येतो म्हणाला. दोन महिन्यांत त्याला समुद्राची हवा मानवली. मग चुलत्याच्या बागेत आंब्याचा वाटा घेतला, मग पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायला काढल्या. तो काही वाईट माणूस नाही. दारू नाही, दुसरी बाई नाही. आधी वर्षातून तीनदा यायचा, मग कुणाच्या लग्नापुरता, मग तेही थांबलं. भांडण झालं असतं तर बरं, असं मला पुष्कळदा वाटतं. भांडण निदान मिटवता येतं. इथे मिटवायचं काय तेच कुणाला कळत नव्हतं.

अक्षता गणपतीला आणि मे महिन्यात तिकडे जाऊन यायची. कायमची जाऊ शकत नव्हती, कारण पगार तिचा होता आणि खोल्यांचं कर्ज त्याच पगारातून फिटत होतं. शिवाय चाळीचं रिडेव्हलपमेंट आज होईल, उद्या होईल म्हणून खोलीला कुलूप लावायची सोय नव्हती. मूलबाळ नाही. संध्याकाळी कामावरून आली की दार लोटून घ्यायची आणि आतून कुकरची एकच शिट्टी ऐकू यायची. आमची ही म्हणायची, "एका माणसाचा भात म्हणजे काय भात असतो का हो?" आणि वाटीभर आमटी नेऊन द्यायची.

जानेवारीत मी पावती पुस्तक घेऊन फिरतो तेव्हा आमचं दर वर्षी तेच बोलणं व्हायचं.

"अक्षता, निम्मी फाडतो. नियमात बसतं."

"पूर्ण फाडा, काका."

"अगं, राहतेस एकटी."

"राहते एकटी. आहे कुटुंब."

मग मी आपला मुकाट्याने लिहायचो, 'श्री. उन्मेष घाडी, सहकुटुंब', आणि मनात म्हणायचो, पोरीला पैसे जड झालेत.

आता ही बाई काम काय करते ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. गंमत म्हणजे तशी गंमत नाहीच. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस आहे. तिकडे अमेरिकेतल्या कंपन्यांचे पगार बनतात. तिथल्या एखाद्या इस्पितळातल्या, गोदामातल्या माणसाला पगाराबद्दल काही विचारायचं असलं की तो मेल टाकतो, आणि सकाळी अक्षता त्याला उत्तर देते. मला हे बरीच वर्षं खोटंच वाटायचं. एकदा गॅलरीत मेथी निवडत बसली होती तेव्हा मी तिला नीट विचारून घेतलं.

ती म्हणाली, "काका, तिकडे नोकरीला लागलं की एक फॉर्म भरावा लागतो. पगारातून टॅक्स किती कापायचा ते त्याच्यावर ठरतं. पहिली चौकट एकट्यांची. दुसरी लग्न झालेल्यांची, म्हणजे नवराबायको मिळून एकच हिशेब देणारे. तिसरी, एकटं राहून पोरंबाळं किंवा आईबाप सांभाळणारे. ज्या चौकटीत खूण कराल त्या दराने कापणार."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे टॅक्सला लग्नाचं काही पडलेलं नाही. झालं काय, नाही झालं काय, कापायचं तेवढं कापतात."

"मग तिकडे एकट्याला निम्मा दर का?"

ती हसली. "उलट. तिकडे एकट्याचं जास्त कापतात."

मी म्हटलं, बघ, आमचं मंडळ अमेरिकेपेक्षा बरं. तेव्हा तिने सांगितलं की ती कामाला लागली तेव्हा जुना फॉर्म होता, त्यात आणखी एक चौकट असायची. लग्न झालेलं आहे, पण कापणी एकट्याच्या वरच्या दराने करा. नवराबायको दोघं कमावती असली की वर्षाच्या शेवटी अंगावर येऊ नये म्हणून लोक आपण होऊन ती निवडायचे. नव्या फॉर्ममध्ये ती काढून टाकली. आता लग्न झालेले पण हिशेब वेगळा देणारे आणि साफ एकटे, दोघांना मिळून पहिली एकच चौकट आहे. हे सांगताना ती मेथीची एकच काडी किती वेळ निवडत होती, आणि मला उगाच विचारलं असं झालं.

यंदाच्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाचा मान सत्तावीस नंबरला आला. आमच्याकडे पूजेला बसायचं जोडपं खोलीच्या नंबराने ठरतं. कुटुंबाची वर्गणी भरणाऱ्यांनाच पाळी मिळते, एकट्याची भरणाऱ्यांना नाही. हा नियम मला पाठ आहे, पण त्याची आणि अक्षताच्या हट्टाची सांगड मी कधी घातली नव्हती. मंडळाच्या फळ्यावर मी 'पूजेचा मान: खोली क्र. २७' असं लिहिलं तेव्हा ती जिन्यात उभी राहून ते वाचत होती. मला म्हणाली, "आला एकदाचा." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही बाई इतकी वर्षं पूर्ण पैसे कशाचे भरत होती.

चाळ काय बोलते ते तिला माहीत होतं. नवऱ्याने टाकली, तिनेच टाकला, गावात दुसरं घर आहे, असं नळावर सगळं बोललं जायचं. सगळ्यांसमोर चौरंगापुढे बसायचं, त्याच्या उपरण्याला आपल्या पदराची गाठ, एवढंच तिला हवं होतं. एका दिवसापुरतं. मला विचाराल तर फार मोठं मागणं नव्हतं.

तिने उन्मेषला फोन केला. तो म्हणाला, येतो की. ती हिरवी साडी इस्त्रीला देऊन आली आणि त्याच्यासाठी सोवळं घ्यायला माझ्या हिला घेऊन लालबागच्या बाजारात गेली. दोघींनी रंगावरून दुकानदाराला वैताग आणला. अंजिरी घेतलं शेवटी.

त्याच आठवड्यात तिला अमेरिकेतल्या एका बाईचा मेल आला. ही बाई, डॉना तिचं नाव, एका इस्पितळाच्या लाँड्रीत काम करते. तिने विचारलं होतं, माझा नवरा बरीच वर्षं दुसऱ्या राज्यात राहतो, घटस्फोट नाही, भांडण नाही, पोरंबाळं नाहीत, तर मी कोणत्या चौकटीत खूण करू? अक्षताच्या ऑफिसात सल्ला द्यायला बंदी आहे. चौकटींचा अर्थ सांगायचा आणि खाली तयार मजकूर चिकटवायचा, की आपल्या परिस्थितीनुसार निवड आपणच करावी. तिने तो चिकटवला. दुसऱ्या दिवशी डॉनाचं उत्तर आलं. तुम्हाला सांगता येत नाही ते मला कळतं, पण माझ्या जागी तुम्ही असता तर कोणती निवडली असती?

"मग तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"तेच परत चिकटवलं."

"बरोबर केलंस. नोकरी आहे."

"हो," ती म्हणाली. "पण काका, तिने मला विचारलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलेलं नाही."

 मी आपली हवा किती गार पडलीय असलं काहीतरी बोललो.

तेवीस तारखेला उन्मेषचा सूर बदलला. बघतो म्हणाला. चोवीसला म्हणाला, मोहोर आलाय, फवारणीचा माणूस सव्वीसलाच मिळतोय, तो गेला तर आंबा गेला. तिने विचारलं, एक दिवस? तो म्हणाला, तुला बागेतलं काय कळतंय. तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही, हीच त्याची तऱ्हा. हे तिने आमच्या दारात उभं राहून सांगितलं आणि आत ये म्हटलं तर आली नाही.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत आमचे अध्यक्ष अजित यांनी निकाल देऊन टाकला. वयाने माझ्या निम्मे, पण घाई दुप्पट. "राजाकाका, सिंपल आहे. जोडपं नाय, तर अठ्ठावीस नंबरला देऊन टाकू. पुढच्या वेळेला बघू ना त्यांचं."

"पुढची वेळ सत्तावीस नंबरला कधी येणार? आपली नातवंडं बघतील," मी म्हटलं. मला राग आला होता, आणि राग आला की मला जुनं आठवतं. माझ्या वडिलांना पूजेचा मान मिळाला होता तेव्हा माझी आई चार दिवस गावाला गेली होती, आजी आजारी होती. तेव्हा भटजींनी वडिलांच्या कमरेला एक सुपारी खोचली. बायकोच्या जागी सुपारी. त्या काळी या चाळीतल्या कितीतरी पूजा सुपारीवर झाल्या. एकाही अध्यक्षाने तेव्हा जोडपं नाही म्हणून मान पुढे ढकलला नव्हता. बाप्याची बायको नसली तर सुपारी चालते, मग बाईचा नवरा नसला तर का चालत नाही? हे मी एवढ्या मोठ्याने बोललो की बाहेर कॅरम खेळणारी पोरं थांबली.

अजितने भटजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. भटजी बिचारे गडबडले. "पुरुषाच्या कमरेला बायकोची सुपारी आम्ही लावतो. बाईने नवऱ्याची लावून घेतली, असं मी तरी केलेलं नाही."

"देव रागावेल का?" मी विचारलं.

"देवाचं काही नाही हो. श्रद्धेने कुणीही करावी ही पूजा. लोक काय म्हणतील ते तुम्ही बघा."

लोकांचं बघायला मी होतोच. अजितने हात वर केले. मी रात्रीच सत्तावीस नंबरला जाऊन सांगितलं. ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालेल म्हणाले? खरंच?" दोनदा विचारलं. मी घरी येऊन जेवताना एवढा फुशारलो होतो की हिने मला आधी हात धुवा म्हणून हटकलं.

सव्वीसला सकाळी झेंडावंदन झालं. साडेदहाला पूजा सुरू व्हायची होती. मी डब्यातली चांगली गोल, न किडलेली सुपारी निवडली आणि हातात घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं. अक्षता हिरवी साडी नेसून, नथ घालून कॉटवर बसली होती. शेजारी ते अंजिरी सोवळं घडी घालून ठेवलेलं. तिच्या हातात मोबाइल होता.

"काका, बसा. हे बघा."

घाड्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नुकताच व्हिडिओ आला होता. गावच्या त्या दोन खोल्या रंगवून झाल्या होत्या, दाराला झेंडूचं तोरण होतं. सुट्टीला पर्यटक येतात म्हणून आजचाच मुहूर्त धरला होता. पुढे चौरंग, केळीचे खुंट, आणि पाटावर उन्मेष. फवारणीचा माणूस कुठे दिसत नव्हता. तिकडचे भटजी त्याच्या कमरेला काहीतरी खोचत होते. व्हिडिओ काढणाऱ्याचा आवाज मोठा होता. "ही बगा, अक्षता इली!" असं तो म्हणाला आणि सगळी हसली. उन्मेषही हसला. त्याची आई पदराने तोंड पुसत हसत होती.

माझ्या हातातली सुपारी मी मुठीत लपवली. पण तिने पाहिली होती.

"तुला कळवलं नव्हतं?" मी विचारलं.

"रजा नसते ना मला. कळवलं असतं तर धावत आली असतीस, असं म्हणाला आत्ता. माझ्या काळजीने नाही कळवलं." तिचा आवाज अगदी साधा होता, ऑफिसात कुणाला फोनवर समजावतात तसा. "तिकडे मी सुपारी. इकडे तो सुपारी. मग काका, संसार कोण करतंय?"

 खाली अजित माइकवरून सत्तावीस नंबरला बोलावत होता. कुणीतरी सनईची टेप लावली. मी म्हटलं, "चल, खाली सगळे थांबलेत. आजचा दिवस बसून घे. उद्या त्याच्याशी बोल."

"पावती पुस्तक आहे तुमच्याकडे?"

पुस्तक माझ्या खांद्याच्या पिशवीत होतं, पूजेच्या दिवशी राहिलेली वर्गणी येते म्हणून. मी म्हटलं, "तुझी पावती कधीच झाली."

"ती रद्द करा. एकटीची फाडा."

"अक्षता, आज नको."

"दर वर्षी तुम्हीच सांगता, नियमात बसतं."

मीच सांगत होतो. इतकी वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो आणि आता ती माझंच ऐकत होती, तर माझा हात पिशवीकडे जाईना. मी म्हटलं, पैशांचा प्रश्न असेल तर वरचे मी भरतो. किती मूर्खासारखं बोललो ते बोलतानाच कळलं. ती चिडली नाही. तिने उठून माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं, पेन काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"डॉनाचं तिकीट, म्हणजे तिच्या प्रश्नाची नोंद, बंद झालं," ती म्हणाली. "एकदा बंद झालं की आम्हाला परत उघडता येत नाही. नाहीतर आज सांगितलं असतं तिला."

मी पुस्तक उघडलं. पावतीवर सवयीने 'श्री.' लिहून बसलो, ते खोडलं.

"नाव?" मी विचारलं. तिला मी लग्न होऊन आल्यापासून ओळखतो, तरी विचारलं.

"अक्षता घाडी. पुढे काही लिहू नका."

मी लिहिलं. तिने पावती वाचली, दोन घड्या करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली. मग नथ काढली आणि डबीत घातली. मी खाली जाऊन अजितला सांगितलं की अठ्ठावीस नंबरला बसव. त्याने कारण विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं असावं. अठ्ठावीस नंबरची रुचा आणि तिचा नवरा धावतपळत तयार होऊन आली, त्याचा सदरा उलटा होता, तो बाकीच्यांनी सरळ करायला लावला. पूजा झाली. ती मुठीतली सुपारी मी तशीच खिशात ठेवली होती, कथा संपेपर्यंत ती मला टोचत होती.

अक्षता खाली आली ती आरतीच्या वेळी. साडी तीच, हिरवी. बायकांच्या मागे उभी राहून तिने टाळ्या वाजवल्या. नळावर बोलणाऱ्या दोघीतिघी तिच्याकडे बघत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मला वाटत होतं, हिच्या शेजारी कुणीतरी जाऊन उभं राहावं. आमची ही गेली, पण ती गेल्यावरही अक्षता एकटीच उभी असल्यासारखी दिसत होती.

प्रसाद वाटायला मीच असतो. एकट्याला एक द्रोण, कुटुंबाला दोन. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा माझ्या हातांनी नेहमीप्रमाणे दोन पुढे केले.

"एकच, काका," ती म्हणाली आणि दुसरा माझ्या हातात परत ठेवला.